नाकातलं शिसं

खोक्याला हात लावायचा नाही, हे मी तिघांना उंबऱ्यातच सांगितलं. आत या, बसा, चहा हवा असेल तर तोही करते. पण कपाटावरचं ते खोकं आहे तिथेच राहील.

तिघं मुकाट्यानं आत आले. पुढे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, हडकुळे, खिशाला अजून पेन्सिल. त्यांच्या मागे घड्याळवाला, ज्याच्या दुकानाच्या माळ्यावर यांचा अड्डा. आणि शेवटी बसवाला, दार भरून उरेल एवढा. बस चालवून चालवून त्याचे हात असे झालेत की चहाचा कप त्यात भातुकलीतला वाटतो. तो बसला तशी खुर्ची करकरली. एरवी मी म्हटलं असतं, जपून रे, ती खुर्ची तुझ्याहून वयानं मोठी आहे. त्या दिवशी नाही म्हटलं. थोरलीला जाऊन महिनाही झाला नव्हता.

दोघं मास्तरांकडे बघत होते आणि मास्तर जमिनीकडे.

ही माणसं लढाऊ विमानं बनवतात. खरी नव्हेत, वीतभर लांबीची. अशी बहात्तर विमानं नाकाला शेपूट लावून ओळीत ठेवली की एका खऱ्या विमानाची लांबी होते म्हणे. खोक्यातून प्लॅस्टिकच्या चौकटी येतात, चौकटींना बारीक बारीक भाग लगडलेले. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, भेगा बुजवायच्या, परत घासायच्या, मग रंगवायचं. दर शनिवारी दुपारी केस पिकलेली ही माणसं एका टेबलाभोवती बसून हेच करतात, आणि माझी थोरली त्यांच्यातली एकटी बाई. गल्लीत कुणी विचारलं, मुलगी कुठे गेली, तर मी सांगायची, हवाईदलात. विचारणारा गप्प व्हायचा आणि माझं काम व्हायचं.

शेवटी मास्तर बोलले. म्हणाले, वर्षाचं प्रदर्शन आलंय. यंदा चौघांनी मिळून एकच विमान चारदा करायचं ठरवलं होतं. एका फळीवर एकाच तुकडीची चार विमानं, शेजारी शेजारी उभी. तिघांची झाली आहेत. ताईचं अर्धं आहे, ते या खोक्यात. जोडून, घासून, वर राखाडी अस्तर मारून झालंय. रंग आणि चिन्हं तेवढी राहिलीत. ते आम्ही तिघं वाटून घेऊ आणि पुरं करू.

"नाही," मी म्हटलं.

घड्याळवाला म्हणाला, "काकू, आम्ही प्रेमानं म्हणतोय."

"मीही प्रेमानंच नाही म्हणतेय. रागानं म्हणाले असते तर तुला कळलं असतं."

त्यांना काय ठाऊक, गेले काही दिवस या घरात काय चाललं होतं ते. थोरली गेली आणि जो तो तिचं काहीतरी पुरं करायला निघाला. तिनं धाकट्याच्या मुलीसाठी स्वेटर विणायला घेतला होता, एक बाही राहिली होती. सुनेनं बसल्या बैठकीला ती बाही विणून टाकली आणि वर मला आणून दाखवला, बघा आई, ताईंचा स्वेटर पुरा झाला. सुनेचा हात घट्ट आणि थोरलीचा सैल. तिचा हात कुठे संपला आणि हिचा कुठे सुरू झाला ते आंधळ्यालाही बोटांनी कळेल. आता ती पोर तो घालते आणि मला दर वेळी ती बाही दिसते. सुनेला मी काही बोलले नाही. म्हणजे फार बोलले नाही.

मी मास्तरांना सांगितलं, ठेवायचं असेल तर जेवढं तिनं केलं तेवढं ठेवा. राखाडी तर राखाडी.

मास्तरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, चालेल. तिनं चाकंसुद्धा तयार करून डबीत ठेवली आहेत, फक्त टोचायची. फळीवर उभं राहिलं म्हणजे झालं.

मग मी चहा टाकला.

थोरलीचं काम दातांचं. डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात साचा घालून ठसा घेतो आणि पाठवून देतो. त्या ठशावरून कवळी उभी करणारं माणूस वेगळं असतं आणि त्याचं नाव चावणाऱ्याला कधी कळत नाही. एका आडवळणाच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, बारीक फिरत्या पात्यावर ती दात घासायची. हिरड्यांचा रंग कालवायची. आयुष्य त्यात गेलं. वडील लवकर गेले, धाकटा शिकत होता, घर तिनं ओढलं. लग्नाचं जमलं नाही. का जमलं नाही ते सांगत बसत नाही, ज्यांना नाही म्हणायचं होतं त्यांनी म्हटलं आणि काहींना मी म्हटलं.

माझ्या तोंडातले दात तिनंच केले. बसवले त्या दिवशी माझ्या हातात सफरचंद देऊन म्हणाली, चाव. मी चावलं. म्हणाली, आता बोल. मी बोलले. तर म्हणते, "बसले बरोबर. धार कमी झालेली नाही." आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. माझे तर दातही तिचे. त्याच दातांनी मी तिला बोलायची, उशिरा आलीस, जेवली नाहीस, रंगाचे हात कपाटाला लावलेस. ती हसायची. तिला राग यायचा नाही, हा तिचा दोष होता.

विमानांचं वेड तिला घड्याळवाल्यानं लावलं. पट्टा बदलायला त्याच्या दुकानात गेली होती, तो काउंटरवर एक पंख घासत बसलेला. तिनं त्याच्या हातातून घासायचा कागद घेतला आणि एवढंच सांगितलं, पाण्यात भिजवून घास. पुढच्या शनिवारी ती माळ्यावर होती. त्यानंतर दर शनिवारी.

चहा पिता पिता बसवाल्याला कंठ फुटला. म्हणाला, "काकू, ताई नसती ना, तर माझी सगळी विमानं बुडावर बसलेली असती."

मी म्हटलं, तूही बसतोसच.

मग त्यानं सांगितलं, पण मला ते ठाऊक होतं. जेट विमानाचं सगळं जड सामान मागे असतं. चाकं तीन, एक पुढे, दोन पोटाखाली. त्यामुळे नाक पोकळ ठेवलं तर विमान पुढच्या चाकावर टेकतच नाही, शेपटीवर बसतं. म्हणून नाकाचे दोन अर्धे चिकटवण्याआधी आत वजन भरायचं, गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या. एकदा नाक मिटलं की मिटलं. थोरलीनं मला हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर करून दाखवलं होतं. मी म्हटलं होतं, म्हणजे नाकापेक्षा मोती जड झाला तरच हे नीट उभं राहणार. त्यावर ती इतकी हसली की गोळ्या सांडल्या.

बसवाला दर वेळी ते वजन विसरायचा. म्हणून या मंडळींत एक रीतच पडली होती. नाक कुणी एकट्यानं घरी मिटायचं नाही. सगळ्यांनी एकाच शनिवारी, एकाच टेबलावर मिटायचं. थोरली एकेकाला विचारणार, वजन? ज्याला विचारलं त्यानं नाक उघडं धरून दाखवायचं, ती बोटानं चाचपून बघणार, मगच गोंदाची बाटली त्याच्या हातात. बसवाला म्हणाला, मला तर ती दोनदा विचारायची.

चहा झाला. खोकं मी स्वतः उतरवलं आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसले. त्यांच्या हातात दिलं नाही.

घड्याळवाल्याच्या दुकानामागून माळ्यावर जायला लाकडी जिना आहे, शिडीच म्हणायची. मी बसवाल्याला मागे ठेवलं आणि सांगितलं, पडले तर तुझ्यावर पडेन. तो म्हणाला, पडा, मी आहेच. वर थिनरचा वास. छताला पंखा, पण तो बंद, कारण वाऱ्यानं बारीक भाग उडतात. खिडकीशी लांब टेबल, चार दिवे, चार खुर्च्या. एका खुर्चीच्या पाठीला थोरलीचा कामाचा डगला लटकत होता. कोपरं रंगानं कडक झालेली. मी इतक्या वर्षांत तिथे पहिल्यांदाच गेले होते. तिनं कधी बोलावलं नव्हतं असं नाही.

टेबलावर फळी होती. मास्तरांनी तिच्यावर काँक्रीटची जमीन रंगवली होती, तेलाच्या डागांसकट. वर तीन विमानं, निळसर राखाडी, अंगभर बारीक आकडे आणि खुणा. कबूल करते, सुंदर होती. चौथ्या जागी पेन्सिलीचे तीन ठिपके होते, तीन चाकांचे.

मी खोकं उघडलं. थोरलीनं विमान कापसात ठेवलं होतं. डबीत चाकं. घड्याळवाल्यानं चिमट्यानं चाकं बसवली, गोंद न लावता, मला दाखवून दाखवून. मग त्यानं ते ठिपक्यांवर ठेवलं आणि हात काढला.

नाक हळूच वर गेलं. शेपूट फळीवर टेकलं, टक.

त्यानं परत ठेवलं. परत टक.

मला वाटलं चाक नीट बसलं नसेल. तसं मी म्हटलंही. घड्याळवाल्यानं ते उचललं, कानाशी नेलं आणि बंद पडलेलं घड्याळ हलवतात तसं हलवलं. मग मास्तरांच्या कानाशी नेलं. मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शिसं नाही आत," घड्याळवाला म्हणाला.

बसवाला म्हणाला, "असं कसं. मी विसरतो. ताई नाही विसरत." आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला की खोली लहान होते.

मी विचारलं, नाकं कधी मिटली होती. मास्तरांना आठवत होतं. म्हणाले, थंडी पडायच्या आधी. त्या शनिवारी ताई उशिरा आली. कोपराच्या आत कापूस चिकटवलेला होता. बसवाल्यानं विचारलं तर म्हणाली, रक्त दिलं. मग ती नेहमीसारखी फिरली, मला विचारलं, याला विचारलं, त्याला दोनदा विचारलं, चाचपलं, बाटली दिली. आमचं होईपर्यंत उजेड कमी झाला होता. आम्ही तिघं हात धुवायला खाली गेलो, वर आलो तर तिनं तिचंही मिटून, रबर लावून ठेवलं होतं.

"आम्ही तिला विचारलंच नाही, काकू," घड्याळवाला म्हणाला. "तिला कोण विचारणार? विचारायचं काम तिचं होतं."

मी तिच्या खुर्चीत बसले. बसायचं नव्हतं, पण जवळ तीच होती.

आम्हाला तिनं सांगितलं ते थंडी सरताना. पोटात दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेले, तर असं असं निघालं, असं एका संध्याकाळी सांगितलं, भांडी विसळता विसळता, जसं काही कालच कळलं. मी तेच धरून चालले होते. धाकट्याला फोनवर मीच सांगितलं होतं, कळलं तेव्हा उशीर झालेला होता रे, तिला तरी कुठे ठाऊक होतं. ठाऊक होतं. ते रक्त तपासायला दिलेलं होतं, ती अख्खी थंडी तिला ठाऊक होतं. सगळी थंडी ती माझ्यासमोर जेवायला बसली, ताटात टाकलं की मी बोलायची, विमानं खाऊन पोट भरतं का तुझं, आणि ती म्हणायची, थोडं भरतं.

आधी मला वाटलं, या तिघांना सांगितलं असणार. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

बसवाल्यानं भिंतीकडून मान फिरवली. त्याचं तोंड बघूनच कळलं, त्यांनाही माहीत नव्हतं.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, रडू नाही आलं, राग आला. या घरात मला न कळता दुधाचं भांडं हलत नाही, आणि पोटची पोर एवढं मोठं घेऊन माझ्या शेजारच्या खाटेवर झोपत होती. लोकांच्या नाकात वजन आहे का बघत होती. मी तिथे बसून तिला मनात भरपूर बोलले. ऐकायला ती नव्हती म्हणून थांबले.

मग घड्याळवाल्यानं तोंड उघडलं. म्हणाला, काकू, यावर इलाज आहे, दिसणारही नाही. पुढचं चाक जिथे बसतं तिथे आतून एक भोक पाडायचं, त्यातून बारीक शिसं सोडायचं, गोंद ओतायचा. कुणाला कळणार नाही.

"भोक नको," मी म्हटलं. "शेवटी शेवटी तिला सुई टोचायला जागा उरली नव्हती. आता याला तरी सोडा."

मग बसवाल्यानं सुचवलं की शेपटीखाली पारदर्शक काडी लावतात, काचेसारखी, लांबून दिसत नाही. मी म्हटलं, कुबडी घेऊन ती एक दिवस चालली नाही, मला धरूनही चालली नाही, तिच्या विमानाला कशाला. मग मास्तर सावकाश म्हणाले, चाकं काढूनच टाकू. चाकांची दारं बंद करू आणि एका सळईवर विमान उंच बसवू, उडतं. तीन खाली, एक वर. मग वजनाचा प्रश्नच येत नाही. आणि बघणाऱ्यालाही कळेल.

त्यांना ते फार आवडलं होतं, कळत होतं मला. पण मी म्हटलं, "मास्तर, काय कळेल बघणाऱ्याला? वर गेली म्हणून? ती उडणारी नव्हती. ती खोलीत बसून लोकांचे दात घासणारी होती. उगाच तिला आभाळात नका लटकवू."

मास्तर म्हणाले, "मग असंच ठेवायचं? शेपटीवर बसलेलं?"

इथे माझी पंचाईत झाली. कारण प्रदर्शनाला बाहेरगावची मंडळी येतात, नाकाला भिंग लावून दुसऱ्याचं उणं शोधणारी, हे थोरलीनंच मला सांगितलं होतं. वजन विसरणं म्हणजे यांच्यात शिकाऊ पोरांची चूक. मीठ विसरण्यासारखी. आणि आजवर माझ्या माणसाचं उणं मी बाहेर जाऊ दिलेलं नाही. नवऱ्याला कामावर झोपला म्हणून घरी बसवलं, तेव्हा मी त्याच्या साहेबाला जाऊन सांगून आले होते की तुमच्या त्या खोलीत भिंतीसुद्धा पेंगतात. ती बाई मी. आणि आता हॉलभर लोकांसमोर थोरलीची चूक मांडून ठेवायची. झाकायची तर तिच्या कामात दुसऱ्याचा हात घालायचा.

मी ते विमान हातात घेतलं. नाकावरून बोट फिरवलं. सांधा कुठे आहे ते कळत नव्हतं, इतकं घासलेलं. तिचे हात असे होते. आत काही नाही, आणि बाहेरून कुठे रेघ नाही.

"असंच ठेवा," मी म्हटलं. "मी बसेन शेजारी."

प्रदर्शन एका मोठ्या हॉलमध्ये होतं. ओळीनं टेबलं, पांढऱ्या चादरी, वर सतराशे साठ विमानं, रणगाडे, बोटी. मी सकाळीच जाऊन आमच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. चांगली साडी नेसले होते. धाकट्यानं फोनवर विचारलं होतं, आई, तू तिथे काय करणार. मी म्हटलं, बसणार. बसायला काही शिकावं लागत नाही.

फळीवर तीन विमानं सरळ उभी आणि चौथं राखाडी, बूड टेकून, नाक वर करून. लोक यायचे, तिघांचं कौतुक करायचे, चौथ्यापाशी आले की हसू दाबायचे. काहींना वाटायचं धक्का लागून कललंय. ते मायेनं बोटानं नाक खाली दाबायचे, सोडलं की परत टक. मग ओशाळून माझ्याकडे बघायचे. मी कुणाला काही म्हटलं नाही. बसवाला दर ‘टक’ला मान फिरवायचा. शेवटी मी त्याला पाणी आणायला पाठवलं.

दुपारी गळ्यात भिंग अडकवलेला एक गृहस्थ आला, बाहेरगावच्या मंडळींपैकी. वाकून सगळं बघितलं. तिघांच्या रंगाला मान डोलावली. मग चौथ्याकडे वळून मास्तरांना म्हणाला, "हे काय? शिसं टाकायला विसरले वाटतं."

मास्तर काही बोलणार होते. मी आधी बोलले.

"हो. विसरली. माझी मुलगी आहे."

तो हसून म्हणाला, "होतं असं. नवीन आहेत का त्या?"

"नाही," मी म्हटलं. "जुनी होती."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग राखाडी विमानाकडे. परत वाकला. या वेळी भिंग लावून नाकाचा सांधा बघितला, वरून आणि खालून, बराच वेळ. उठताना म्हणाला, इतकं घासलेलं मी आजवर बघितलं नाही. आणि गेला. त्यानं मला बरं वाटावं म्हणूनच म्हटलं असेल. असेना.

संध्याकाळी दिवे लागले, लोक पांगले. टेबलंटेबलं फिरत फोटो काढणारा आमच्यापाशी आला. हॉलमध्ये मांडलेल्या प्रत्येक कामाचा एक फोटो त्याला काढायचा होता. त्यानं कॅमेरा लावला, डोकं वर काढलं आणि म्हणाला, ते शेवटचं सरळ करा ना कुणीतरी, खाली काडेपेटी बिडेपेटी सरकवा. बसवाला म्हणाला, ते तसंच आहे. फोटोवाला म्हणाला, चार एका ओळीत दिसले पाहिजेत, नाहीतर फोटो वाकडा येतो. घड्याळवाल्यानं त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगायला सुरुवात केली. त्या बिचाऱ्याला कळेना की एवढ्याशा गोष्टीत सांगण्यासारखं काय आहे.

मी उठले. दिवसभर बसून गुडघे धरले होते, टेबलाला टेकत टेकत पुढे झाले. एक बोट राखाडी विमानाच्या नाकावर ठेवलं आणि हलकेच खाली नेलं. पुढचं चाक फळीला लागलं. चारही सरळ झाली.

"काढ," मी म्हटलं.

त्यानं कॅमेऱ्यातून बघितलं. "काकू, बोट येतंय तुमचं."

"येऊ दे."

मास्तर, घड्याळवाला, बसवाला तिघं मागे उभे होते. फोटोवाल्यानं फोटो काढला. मग बघून म्हणाला, उजेड कमी पडला, एक अजून घेतो, हात अवघडला असेल तर काढा थोडा वेळ. बोटाखाली ते नाक इतकं हलकं होतं की आपण काही धरलंय हेसुद्धा कळत नव्हतं.

मी म्हटलं, घे सावकाश. मला कुठे जायचंय.